आमच्या रेसिंग टीमची वही

आमच्या कॉलेजच्या रेसिंग टीमला दहा वर्षं कधीच उलटून गेली, पण टीमच्या यादीत तीन वर्षांपेक्षा जुनं नाव कधीच सापडणार नाही. एसईला म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोरं येतात, टीईला (तिसऱ्या वर्षी) राबतात, बीईला (शेवटच्या वर्षी) टीम चालवतात आणि पासआउट होऊन चाकणला, बंगळुरूला नाहीतर जर्मनीला निघून जातात. दरवर्षी टीमचा सगळ्यात जाणता भाग गेटबाहेर पडतो. त्यामुळे अशा टीमचा इतिहास सांगायचा तर कोणत्या साली कितवा नंबर आला, एवढ्याने भागत नाही. एका बॅचने शिकलेलं पुढच्या बॅचपर्यंत पोचलं की मध्येच हरवलं, हे सांगावं लागतं. मी त्या साखळीतली एक कडी होते. ती तुटता तुटता वाचलेली मी पाहिली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

स्पर्धा माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडं. १९७९ साली अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात ‘मिनी इंडी’ नावाची विद्यार्थ्यांची शर्यत झाली. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं पाच अश्वशक्तीचं छोटं इंजिन सगळ्यांना सारखंच. १९८१ला ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात त्याच कल्पनेला मोकळे नियम मिळाले आणि फॉर्म्युला एसएई सुरू झाली. इंग्लंडमध्ये १९९८ला फॉर्म्युला स्टुडंट आली, जर्मनीत २००६ला. आपल्याकडे २००७ला बाहा एसएईइंडिया ही खाचखळग्यांतून पळवायच्या गाड्यांची स्पर्धा इंदूरजवळ पीथमपूरला सुरू झाली, आणि २०११ला सुप्रा एसएईइंडियाने फॉर्म्युला गाड्यांची वाट मोकळी केली. मुंबईत सोमय्याची ओरायन रेसिंग इंडिया होती, आयआयटीची टीम होती. दोन्ही परदेशी स्पर्धांना जाऊन आल्या. पुण्यातल्या कॉलेजांना त्यांच्याकडे बघून हुरूप आला, हे आमचे सीनियर मोकळेपणाने सांगायचे.

स्पर्धेची कल्पना अशी की एका कंपनीने तुम्हाला शनिवार-रविवारी हौसेने शर्यत लावणाऱ्या माणसासाठी गाडी करायला सांगितली आहे. गाडी एकट्याने बसायची, चाकं उघडी, इंजिन चार स्ट्रोकचं. एकूण १००० गुण, आणि त्यातले ३२५ गाडी जागची न हलता मिळवायचे: डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशोबाचे १००, धंद्याच्या मांडणीचे ७५. उरलेले ट्रॅकवर. नुसती वेगवान गाडी बांधून इथे जिंकता येत नाही, आणि मला ही स्पर्धा आवडते ती त्यामुळेच.

आमची टीम २०१२ला सुरू झाली. बाहामध्ये हात काळे केलेले चार-पाच जण, कॉलेजच्या वर्कशॉपमागची पत्र्याची शेड आणि एका माजी विद्यार्थ्याने मिळवून दिलेलं बुलेटचं ४९९ सीसीचं इंजिन. ती गाडी ३०० किलोच्या वर गेली होती असं सगळे सांगतात. तिची फ्रेम अजून शेडच्या भिंतीला टेकून उभी आहे. हात लावला की कळतं, पोरांनी घाबरून प्रत्येक ठिकाणी एक नळी जास्त टाकली आहे. ती गाडी स्पर्धेला पोचली आणि टिल्ट टेस्टला अडकली. या चाचणीत सगळ्यात उंच ड्रायव्हर आत बसवून गाडी टेबलावर ६० अंशांपर्यंत कलती करतात. चाक उचलता कामा नये, आणि पेट्रोल, ऑइल, पाणी, काहीच थेंबभरही गळता कामा नये. आमच्या गाडीच्या टाकीच्या ब्रीदर नळीतून, म्हणजे टाकीत हवा ये-जा करू देणाऱ्या नळीतून, पेट्रोल टपकलं. नळीत उलटा प्रवाह थांबवणारा व्हॉल्व्ह नव्हता. दुरुस्ती करून पुन्हा रांगेत येईपर्यंत वेळ संपली आणि गाडी ट्रॅकवर उतरलीच नाही.

परतीच्या गाडीत त्या बॅचने एक वही उघडली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, साधी रेघांची. पहिल्या पानावर लिहिलं आहे: ‘टाकीचा ब्रीदर. व्हॉल्व्ह बसवा. टाकी पूर्ण भरून गाडी घरीच ६० अंशांत कलती करून बघा.’ त्याखाली तो व्हॉल्व्ह नाना पेठेत कोणत्या प्रकारच्या दुकानात मिळतो आणि कोणत्या मापाचा घ्यायचा, तेही आहे. तेव्हापासून आजपर्यंत आमची एकही गाडी टिल्टला अडकली नाही.

२०१३ला केटीएमची ३९० ड्यूक भारतात आली आणि आमच्यासारख्या टीमांचं चित्र पालटलं. इंजिन ३७३ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, हलकं, ४३ अश्वशक्तीचं, आणि बनतं आपल्या चाकणला. बुलेटचं इंजिन २७ अश्वशक्तीचं होतं आणि वजनाला कितीतरी भारी. पुढच्या बॅचने केटीएम धरलं ते धरलंच.

मी २०१७ला एसईला टीममध्ये आले. मला वाटलं होतं संगणकावर बसून सस्पेन्शन काढायला मिळेल. मिळाली कानस. फॉर्म्युला गाडीची फ्रेम स्टीलच्या नळ्यांची असते. आमची ४१३० क्रोमोली या मिश्र स्टीलची, मुख्य हूपला म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या कमानीला २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी. एक नळी दुसरीला जिथे भिडते तिथे तिचं टोक माशाच्या तोंडासारखं कोरावं लागतं, म्हणजे ती दुसरीच्या गोलाईवर चपखल बसते. ग्राइंडरने आकार काढायचा आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर अर्धगोल कानशीने घासून आणायचा.

वेल्डिंगला आम्ही भोसरीतल्या एका काकांकडे जायचो. छोटं दुकान, दोन आर्गनचे सिलिंडर, भिंतीवर गणपती आणि त्याखाली वेगवेगळ्या जाडीच्या फिलर रॉडची चळत. काका आधी प्रत्येक नळी तिच्या जागी टेकवून मागून ट्यूबलाइटच्या उजेडात धरायचे. जोडातून उजेड दिसला की नळी परत. मी दिलेली एक नळी त्यांनी बघितली आणि म्हणाले, “पोरी, एवढी फट रॉडने भरली तर जोड दिसेल छान, पण धरणार नाही. घे, परत घास.” मी घासली. पुन्हा उजेड. पुन्हा घासली. शेवटी जोडातून फक्त एक केसाएवढी रेघ दिसली तेव्हा त्यांनी मान हलवली, हेल्मेट खाली ओढलं आणि दुकानातला पंखा बंद केला. ऑक्टोबरचा उकाडा, पण वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही. टॉर्चमधून येणारा आर्गन वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा राहायला हवा, तो उडाला की जोडात बारीक छिद्रं पडतात. आम्ही सगळे घामाने निथळत भिंतीला टेकून उभे. निळा उजेड, मग शांतता, मग काका काच वर करून जोडावरचा रंग बघायचे. जोड झाल्यावरही पंखा लावायचा नाही. या स्टीलला झपाट्याने थंड केलं तर ते ठिसूळ होतं.

काकांनी आम्हाला क्रमही शिकवला. आधी पूर्ण फ्रेमला सगळीकडे नुसते टाके मारायचे, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरत जायचं, कारण प्रत्येक वेल्ड थंड होताना नळीला आपल्याकडे खेचतो. एका बाजूने सुरुवात करून सरळ पुढे गेलात तर फ्रेम पिळवटते आणि पुढचे विशबोन, म्हणजे चाक फ्रेमला जोडणारे दांडे, बसतच नाहीत. वहीत आमच्या आधीच्या बॅचची नोंद होती: ‘सस्पेन्शनचे टॅब सगळ्यात शेवटी. फ्रेम पूर्ण भरून, थंड करून, सरफेस टेबलवर मोजून मगच.’ शेजारी आकडे होते, त्यांच्या फ्रेमचे कोणते बिंदू किती मिलिमीटर सरकले होते त्याचे. ते आकडे बघून आम्ही फिक्स्चरच्या, म्हणजे वेल्डिंगच्या वेळी फ्रेम जखडून धरणाऱ्या सांगाड्याच्या, पट्ट्या नेमक्या तिथे जाड केल्या. कोणत्याही पुस्तकात आमच्या फिक्स्चरचे, आमच्या काकांच्या हाताचे आकडे मिळाले नसते.

इंजिनाकडे येते, कारण माझी टीईची सगळी रात्रपाळी त्यातच गेली. नियम असा आहे की पेट्रोल गाडीत इंजिनाला मिळणारी सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच छिद्रातून गेली पाहिजे. त्याला रेस्ट्रिक्टर म्हणतात. ताकदीवर लगाम घालायचा हा साधा आणि हुशार उपाय आहे. इंजिन कितीही जोरात ओढू दे, छिद्राच्या सगळ्यात अरुंद जागी हवेचा वेग आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे हवा वाढत नाही. २० मिलिमीटरमधून सेकंदाला ७० ग्रॅमच्या आसपास हवा जाते, बस्स.

आता केटीएमच्या इंजिनाला वरच्या फेऱ्यांवर सरासरी लागते त्याच्या निम्मी, ३५ ग्रॅमच्या आतबाहेर. मग अडचण कसली? अडचण अशी की हे इंजिन एका सिलिंडरचं आहे. चार स्ट्रोकमधला एकच स्ट्रोक हवा ओढतो, उरलेला वेळ व्हॉल्व्ह बंद. म्हणजे सगळी हवा पाव वेळात गिळायची, आणि त्या क्षणी मागणी सरासरीच्या चौपट होते. छिद्र तेवढी देऊ शकत नाही. म्हणून रेस्ट्रिक्टर आणि इंजिनाच्या मध्ये हवेचा एक डबा ठेवतात, प्लेनम. छिद्रातून हवा संथ, सारखी येत राहते आणि डब्यात साठते. इंजिन आपला घोट डब्यातून घेतं. डबा लहान झाला तर वरच्या फेऱ्यांवर इंजिन गुदमरतं, मोठा झाला तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी विचार करत बसते. आमच्या आधीच्या बॅचने तीन आकारमानं करून बघितली होती आणि प्रत्येकाचा डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख वहीत चिकटवला होता. त्यातला एक डबा पीएलए नावाच्या प्लॅस्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला होता. इंजिनाच्या उष्णतेने तो बसला, कारण पीएलए ६० अंश सेल्सियसच्या सुमाराला मऊ पडू लागतं. शेजारी लाल पेनने: ‘नायलॉन. पैसे वाचवू नका.’

वहीतलं माझं सगळ्यात आवडतं पान मात्र वायरिंगचं आहे. केटीएमचं ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, बाइकसाठी केलेलं. त्याला साइड स्टँडची माहिती लागते, क्लचची लागते, बाइक पडली का हे सांगणारा एक सेन्सर लागतो. आमच्या गाडीला स्टँड कुठून असणार? पण ती तार नुसती कापून टाकली तर ईसीयू समजतं की स्टँड खाली आहे, आणि गिअर टाकताक्षणी इंजिन बंद पडतं. पडण्याचा सेन्सर आडवा बसवला तर त्याला वाटतं बाइक आडवी झाली, मग इंजिन सुरूच होत नाही. कोणत्या दोन तारा जोडायच्या, कोणता सेन्सर कोणत्या बाजूने उभा लावायचा, त्यांचे रंग, त्यांचं चित्र, सगळं त्या पानावर आहे. ते शोधायला एका बॅचची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती. आमचा त्यात एक दुपारभर वेळ गेला.

सामानाची जुळवाजुळव हा वेगळाच अभ्यासक्रम. चेन, स्प्रॉकेट, ब्रेक होज नाना पेठेत. सेन्सर, कनेक्टर, हीट श्रिंक बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं तर चांगल्या कंपनीचे डायल गेज आणि मायक्रोमीटर हाती लागतात, फक्त घेताना शून्यावर येतात का ते तिथेच बघायचं. टायर मात्र बाहेरून मागवावे लागतात आणि बजेटचा मोठा लचका तोडतात. अमेरिकेत बफेलोला कॅलस्पॅनच्या यंत्रावर या स्पर्धेच्या टायरांच्या चाचण्या होतात आणि एकदा वर्गणी भरली की त्यांची आकडेवारी टीमला मिळते. आमच्या सस्पेन्शनवाल्या ताईने त्या आकड्यांवरून आलेख काढायला शिकवले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. रेसगाडीचं निम्मं डिझाइन या एका वाक्यातून निघतं.

याच ताईने मला डिझाइन राउंडची तयारी करून घेतली. जज कंपन्यांतून आलेले अनुभवी इंजिनिअर असतात, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो, वेगवेगळ्या तोंडाने विचारलेला: का? ही नळी इथे का? पुशरॉड का, पुलरॉड का नाही? व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) एवढाच का? नियमात कमीत कमी १५२५ मिलिमीटर आहे, तुम्ही जास्त का घेतला? ‘गेल्या वर्षी होता म्हणून’ या उत्तराला शून्य. अनेक टीम तिथेच कोसळतात, कारण सीनियरकडून ड्रॉइंग मिळालेलं असतं, त्यामागचं उत्तर मिळालेलं नसतं. म्हणून ताईच्या बॅचने वहीचा साचा बदलला. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: काय केलं, का केलं, पुन्हा करायचं झालं तर काय बदलू. मधला रकाना रिकामा असेल तर सही मिळायची नाही.

जानेवारीत कोइम्बतूर. आता फॉर्म्युला भारत म्हणून ओळखली जाणारी स्पर्धा तिथल्या कारी मोटर स्पीडवेवर होते. जुन्या धावपट्टीच्या जागेवरचा हा ट्रॅक एस. करिवर्धन यांच्या नावाचा आहे. मारुतीचं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही भारतीय एकासनी रेसगाडी त्यांनी घडवली; कोइम्बतूरचाच नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्याच मालिकेत गाडी चालवायचा. करिवर्धन १९९५ला विमान अपघातात गेले. गाडी टेम्पोतून सुमारे बाराशे किलोमीटर, आम्ही कुर्ला-कोइम्बतूर एक्स्प्रेसने, मांडीवर लॅपटॉप घेऊन, डिझाइनचे प्रश्न एकमेकांना विचारत.

टेक्निकल इन्स्पेक्शनची रांग ज्याने अनुभवली त्यालाच ती कळते. नियमपुस्तक हातात घेऊन जज गाडीभोवती फिरतात. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला लॉकिंग नट आहे का, नटाबाहेर दोन आटे दिसतात का, ड्रायव्हर पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर येतो का. मग टिल्ट, मग आवाज, मग ब्रेक. ब्रेक टेस्टला गाडी वेगात आणून पेडल दाबायचा आणि चारही चाकं एकदम लॉक झाली पाहिजेत, गाडी सरळ थांबली पाहिजे. हे सोपं वाटतं, आणि निम्म्या टीमांचा दिवस इथेच जातो.

आमचं पुढचं उजवं चाक लॉक होईना. रस्त्यावर तीन काळे पट्टे उमटायचे, चौथा नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकांत जोर वाटून देणारा बायस बार पुढे फिरवला, तरी नाही. पेडल थोडा मऊ लागत होता, म्हणजे लाइनीत हवा. दोनदा ब्लीडिंग करून ती काढली होती, तरी हवा. तेव्हा आमच्यातला एक जण वही घेऊन पळत आला. दोन वर्षांपूर्वीची नोंद, कॅलिपरची (चाकाची चकती दोन पॅडमध्ये दाबणारा भाग) आणि त्यावरच्या हवा काढायच्या निपलची: ‘कॅलिपर उलटा बसवला तर ब्लीड निपल खाली येतो आणि हवा वरच अडकते. कॅलिपर काढा, निपल वर धरा, पॅडच्या मध्ये पट्टी घाला, मग ब्लीड करा.’ आम्ही गाडी जॅकवर घेतली. मी कॅलिपर हातात उभा धरला, एकीने पॅडच्या फटीत ॲल्युमिनियमची पट्टी सरकवली, ड्रायव्हर सांगू तसा पेडल दाबत होता, आणि पारदर्शक नळीतून आधी एक मोठा बुडबुडा आला, मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ, मग नुसतं ब्रेक ऑइल. पेडल दगडासारखा. पुढच्या फेरीला चार काळे पट्टे, समांतर, सरळ. मार्शलने हिरवा झेंडा दाखवला आणि आमची तीन पोरं रडायला लागली.

एंड्युरन्स म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, मध्ये ड्रायव्हर बदलायचा. सर्वाधिक गुण तिथे आणि सर्वाधिक गाड्याही तिथेच बंद पडतात. ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करायचं आणि नवा ड्रायव्हर बसल्यावर तेच तापलेलं इंजिन पुन्हा सुरू झालं पाहिजे. रेडिएटरचा पंखा आणि पेट्रोल पंप बॅटरी पीत असतात, कमी फेऱ्यांवर इंजिन तेवढी वीज परत देत नाही, आणि नेमकं बदलाच्या वेळी स्टार्टर टक टक करून गप्प बसतो. आमच्या आधीच्या दोन गाड्या अशाच गेल्या होत्या. आम्ही डिसेंबरभर कॉलेजच्या पार्किंगमध्ये फक्त तेवढीच तालीम केली: गाडी तापवा, बंद करा, तीन मिनिटं थांबा, सुरू करा. बॅटरी बदलली, पंखा चालू होण्याचं तापमान बदललं. जानेवारी २०१९मध्ये आमची गाडी टीमच्या इतिहासात पहिल्यांदा एंड्युरन्स पूर्ण करून थांबली. नंबराने त्या दिवशी कोणाला काही वाटलं नाही. ज्या सीनियरांच्या गाड्या मध्येच गेल्या होत्या, त्यांना आम्ही ट्रॅकवरूनच फोन लावले.

मग २०२०. आमची रीत अशी होती की जानेवारीची स्पर्धा झाली की फेब्रुवारीपासून बीईची बॅच हाताला हात लावून टीईला शिकवते. इंजिन उघडून दाखवते, वही वाचून दाखवते, भोसरीच्या काकांची ओळख करून देते. मी बीईला होते. आम्ही नुकती सुरुवात केली होती आणि मार्चमध्ये कॉलेज बंद झालं. वही शेडमधल्या कपाटात, किल्ली वर्कशॉपमध्ये, आणि आम्ही सगळे आपापल्या गावी. आमची बॅच घरूनच पासआउट झाली. आमच्या मागची बॅच बीईच्या अख्ख्या वर्षात गाडीला हात न लावता पासआउट झाली. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला कॉलेज उघडलं तेव्हा बीईला जी पोरं होती त्यांनी स्पर्धा एकदाच पाहिली होती, तीही एसईला असताना, पाणी आणि टूलबॉक्स उचलत. त्यांच्या मागच्यांनी गाडी सुरू झालेलीसुद्धा ऐकली नव्हती.

टीम इथे संपली असती. पुण्यात काही टीम खरोखर संपल्या. आमची वाचली याचं मोठं श्रेय वर्कशॉपच्या मामांना आहे. ते कॉलेजचे कर्मचारी, टीमच्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं, पण पहिल्या बुलेटवाल्या गाडीपासून प्रत्येक गाडी त्यांनी पाहिलेली. मधल्या काळात कॉलेजला फेरी असली की ते शेड उघडून गाडीवरचं प्लॅस्टिक नीट करायचे, कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायचे. उंदरांनी वायरिंग कुरतडलं ते कुरतडलंच, टायर बसले, पेट्रोलचा डिंक झाला. पण वही कोरडी होती.

मी तेव्हा चाकणला नोकरीला लागले होते. वीकेंडला शेडवर जायला लागले. जर्मनीतला आमचा एक जुना कॅप्टन, बंगळुरूची सस्पेन्शनवाली ताई, असे पाच-सहा जण रविवारी रात्री गूगल मीटवर यायचे. आम्ही वहीचं पानन् पान स्कॅन केलं आणि एकेक नोंद ज्याची त्याच्याकडून वाचून घेतली. नोंदीत जे लिहायचं राहिलं होतं ते तेव्हा बोलण्यातून बाहेर आलं. उदाहरणार्थ, फिक्स्चरचा एक पाय दोन मिलिमीटर आखूड आहे आणि त्याखाली ठरावीक पट्टी लागते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती पट्टी मामांनी खिळ्यांच्या डब्यातून काढून दिली. त्यांना माहीत होतं ती कशाची आहे.

जुनी गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा शेडमध्ये सगळी नवी पोरं होती. आवाजाने दचकून दोघं मागे सरकली. त्या वर्षी नवी गाडी बांधायचा आग्रह आम्ही धरला नाही. जुनीच उघडा, मोजा, परत जोडा, असं सांगितलं. स्पर्धेचा एक हंगाम गेला तरी चालेल, हात तयार झाले पाहिजेत. काहींना हे पटलं नाही, एक-दोघं सोडूनही गेले. मला अजूनही तोच निर्णय बरोबर वाटतो.

आता टीम विजेवर चालली आहे. जगभर ओघ तिकडेच आहे; जर्मनीत २०१०पासून इलेक्ट्रिक गाड्यांचा वेगळा वर्ग आहे, आणि झ्युरिकच्या ईटीएचच्या विद्यार्थ्यांच्या गाडीने २०२३ला शून्यापासून १०० किलोमीटरचा वेग ०.९५६ सेकंदांत गाठला. नियम ८० किलोवॅटपर्यंत ताकद आणि ६०० व्होल्टपर्यंत दाब वापरू देतात. आमची बॅटरी त्याहून कितीतरी लहान आहे, पण माणसाला मारायला पुरेशी आहे. पेट्रोल गाडीत नोंद हरवली तर इंजिन जायचं. इथे माणूस जाऊ शकतो. म्हणून मी नव्या पोरांशी याबाबतीत अजिबात नरमाईने बोलत नाही. बॅटरीचा डबा एकट्याने उघडायचा नाही. उघडणाऱ्याने आधी शटडाउन सर्किटचं (गडबड झाली की बॅटरी तोडणाऱ्या सर्किटचं) पान दुसऱ्याला समजावून सांगायचं, ऐकणाऱ्याने प्रश्न विचारायचे, मग दोघांनी सही करायची. विजेपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांची तारीख तपासायची. मामा दारात असतात, आणि सही नसेल तर किल्ली देत नाहीत.

नवी वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, रकाने तेच तीन. या फेब्रुवारीत इलेक्ट्रिकलचा भाग पहिल्यांदा एका बॅचकडून दुसरीकडे जाणार आहे. तो घेणाऱ्या दोघी टीईच्या आहेत आणि त्यांनी आत्ताच प्रश्न पाठवले आहेत. पहिला प्रश्न प्री-चार्जच्या रेझिस्टरचा, म्हणजे गाडी चालू करताना विजेचा पहिला लोंढा आवरणाऱ्या भागाचा: हाच का निवडला, आणि लागोपाठ पाच वेळा गाडी बंद-चालू केली तर तो किती तापेल? पहिल्या भागाचं उत्तर वहीत आहे. दुसऱ्याचा हिशोब कोणी केलेला नाही. तो करून, मोजून, लिहून होईपर्यंत बीईच्या पोरांना सही मिळणार नाही, असं त्यांना कळवलं आहे.